उत्तर: नेतृत्व शिबिरांनी दृष्टिकोन बदलतो का?

नेतृत्व शिबिरांनी काही बदलत नाही, शिबिरात आठ दिवस उत्साह, मग ये रे माझ्या मागल्या, असं बरेच जण म्हणतात, आणि ते बऱ्याच ठिकाणी लागू पडतं. एसी हॉलमध्ये ‘मी करू शकतो’ असं ओरडून घेतात, फी मात्र दणकून.

पण सोमनाथचं श्रमसंस्कार शिबिर त्यात धरू नका. चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ, बाबा आमटेंनी १९६७ साली सुरू केलेलं, आणि भरतं तेही ऐन मे महिन्यात! (तिथला मे कसा असतो ते विदर्भकरांना विचारा.) सकाळी श्रमदान, नंतर व्याख्यानं आणि चर्चा. घमेल्यांची साखळी लागली की इंजिनिअरिंगवाला कोण आणि शेतकऱ्याचा पोरगा कोण, काही कळत नाही. एखादा ढेपाळला की शेजारचा न सांगता पाऊलभर सरकतो आणि त्याचंही घमेलं पुढे देतो. माझ्या मते नेतृत्व ते हेच, माइकवरचं नव्हे.

शिवाय तिथली शेती उभी केली कुष्ठमुक्त माणसांनी, बोटं झडलेल्या हातांनी. ते बघितल्यावर ‘आपल्याच्यानं काय होणार’ हे रडगाणं गायला तोंड राहत नाही.

मुलाला पाठवणार असाल तर टोपी, सुती कपडे आणि पाण्याची मोठी बाटली द्या.