विषय: एमजीबी १९७२ – इंजिन चालतं, डॅश बंद

नमस्कार मंडळी,

गाडी १९७२ ची एमजीबी जीटी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, वायरिंग मूळचंच. किल्ली फिरवली की इग्निशनचा लाल दिवा लागतो, इंजिन सुरू होतं, हेडलाइट आणि हॉर्न ठीक. पण पेट्रोलचा काटा तळाला, इंडिकेटर, वायपर, हीटरचा पंखा, ब्रेकलाइट सगळं बंद. खड्ड्यातून गेलं की क्षणभर जिवंत होतं, परत जातं. फ्यूज शाबूत आहेत, तरी नवे घालून पाहिले. मीटरवर फ्यूजच्या दोन्ही अंगांना १२.३ व्होल्ट येतात. डॅश उतरवावा लागेल का?

– अ., रेडिंग

उत्तर:

अरे, डॅशला हात लावू नकोस. काय काय बंद पडलंय ते बघ: सगळी हिरव्या वायरची मंडळी. ल्युकास या ब्रिटिश कंपनीच्या वायरिंगमध्ये तपकिरी म्हणजे बॅटरीतून थेट, जांभळी म्हणजे तीच फ्यूजमधून, पांढरी म्हणजे किल्लीनंतरची, आणि हिरवी म्हणजे पांढरीच फ्यूजमधून आलेली. इग्निशनचा दिवा पांढऱ्यावर, हॉर्न जांभळ्यावर, म्हणून ते चालतात. प्रत्येकाचं अर्थिंग वेगवेगळं असतं, तेव्हा पाच जण एकदम गेले तर दोष अर्थिंगमध्ये नाही, पुरवठ्यात. पांढरी जिथे हिरवी होते ती जागा म्हणजे बॉनेटखालच्या फ्यूजबॉक्समधला खालून दुसरा फ्यूज.

आता तुझे ते १२.३ व्होल्ट. मीटर लावलास तेव्हा पंखा आणि वायपरचे स्विच बंद होते ना? मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. गंजलेल्या सांध्यातूनही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि माणूस फसतो. भार टाकून मोज. आधी कॉइलवरची पांढरी वायर काढ आणि टोकाला टेप गुंडाळ, कारण इंजिन बंद ठेवून किल्ली चालू राहिली आणि डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट (स्पार्कसाठी उघडमीट करणारे संपर्क) मिटलेले असले तर कॉइल तापते. मग किल्ली चालू, पंख्याचा स्विच चालू, कोणाला तरी ब्रेक दाबून बसव. मीटरची काळी पिन इंजिनच्या स्वच्छ बोल्टवर. लाल पिन एकेक जागी टेकवत जा: पांढऱ्या वायरचं टर्मिनल, त्या बाजूची क्लिप, फ्यूजची टोपी, दुसरी टोपी, दुसरी क्लिप, हिरव्याचं टर्मिनल. जिथे आकडा कोसळेल तिथे दोष. या टोकापासून त्या टोकापर्यंत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त उतरता कामा नये. पांढऱ्या टर्मिनललाच कमी आलं तर मात्र फ्यूजबॉक्स सोड आणि इग्निशन स्विचकडे वळ.

बहुतेक वेळा टोप्या आणि क्लिपा हिरवट पडलेल्या असतात. आधी बॅटरीची अर्थिंगची वायर काढ, मग बारीक पॉलिश पेपरने घास, क्लिपा पक्कडीने हलक्या आवळ, व्हॅसलिनचा पुसट हात दे. पण खरी खोड खाली असते: क्लिप आणि टर्मिनल रिव्हेटने जोडलेले असतात आणि गंज त्या रिव्हेटमध्ये शिरतो. वरून कितीही चकचकीत केलंस तरी फरक पडत नाही. क्लिप आणि टर्मिनल यांच्यातच व्होल्ट उतरत असतील तर फ्यूजबॉक्स बदल. रिव्हेटला सोल्डरचा डाग देऊन भागवणारे भागवतात, पण बहुधा प्लॅस्टिक आधी वितळतं.

– काका, लेस्टर

उत्तर:

काकांच्या म्हणण्यात एक भर. नवे फ्यूज कुठले घातलेत ते बघा. ल्युकासच्या काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं तो वितळण्याचा आकडा. सतत वाहायचा करंट १७ ॲम्पिअरच. अमेरिकी पद्धतीच्या फ्यूजवर ३५ म्हणजे सतत ३५. तो बसवलात तर फ्यूजच्या आधी वायर जळेल. तसा घ्यायचा तर १५ चा घ्या.

आणि पुढेमागे हा फ्यूज खरंच उडायला लागला तर एकामागून एक नवे जाळत बसू नका. फ्यूजच्या जागी २१ वॉटचा बल्ब जोडा, हिरव्यावरचं सगळं बंद ठेवा. बल्ब लख्ख पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. एकेक जोड सोडत जा, बल्ब विझला की सापडलं. गिअरबॉक्सवरच्या रिव्हर्स स्विचच्या वायरी आधी पाहाव्यात, त्या घासल्या जातात.

– मी., स्लाव

उत्तर:

काका, ताई, रिव्हेटच होता! हिरव्या बाजूला क्लिपवर ११.९, टर्मिनलवर ७.१. नवा बॉक्स बसवला, सगळं जिवंत झालं. फ्यूज अमेरिकीच निघाला, तोही बदलला. आता फक्त टाकी अर्धी असताना पेट्रोलचा काटा फुलच्या पलीकडे जातो. नवा बॉक्स जास्त करंट देतोय का?

– अ.

उत्तर:

बॉक्स कसला जास्त देतोय! डॅशच्या मागे एका स्क्रूवर छोटी पत्र्याची डबी आहे, व्होल्टेज स्टॅबिलायझर. आतली द्विधातूची पट्टी तापते, सुटते, पुन्हा टेकते, आणि काट्याला सरासरी १० व्होल्ट मिळतात. तिचं अर्थिंग त्या स्क्रूतूनच. स्क्रू गंजला की पट्टी तापतच नाही, संपर्क मिटलेला राहतो आणि काट्याला सरळ १२ व्होल्ट जातात. म्हणून तो वर पळतो.

स्क्रू काढ, खालचा पत्रा उघडा होईपर्यंत घास, डबी उभीच बसव. फिकट हिरव्या वायरवर मीटर लाव: आकडा ० आणि १२ च्या मध्ये उड्या मारत असेल तर डबी ठणठणीत आहे. स्थिर १२ राहिला तर डबी बदल. काट्याला थेट बॅटरीचा करंट देऊन तपासू नकोस, गुंडाळी जाईल. आणि किल्ली फिरवल्यावर मिनिटभर थांबून मगच वाच, हा काटा मुळातच सावकाश चढतो.

– काका