मदत हवी आहे: शुगर नॉर्मल, तरी ओव्ह्युलेशन (बीज फुटणं) का होत नाही?

गुलबक्षी
दीड वर्ष झालं, दिवस राहत नाहीयेत. पाळी ४०-४५ दिवसांनी. सोनोग्राफीत पीसीओडी (बीजकोशात बऱ्याच छोट्या पिशव्या). उपाशीपोटी शुगर ९४, म्हणजे डायबिटीस नाही. २१व्या दिवशी प्रोजेस्टेरॉन (बीज फुटल्यावर वाढणारं हार्मोन) ०.६ आलं. भात, पोळी, साखर सगळं बंद केलंय, ४ किलो उतरले, तर पाळी अजूनच लांबली! काय खायचं ते सरळ सांगा प्लीज.

तिरफळ
वय, उंची, वजन? टीएसएच (थायरॉइडची तपासणी), प्रोलॅक्टिन (दुधाचं हार्मोन)? नवऱ्याची वीर्यतपासणी? दिवसभरात खाता काय?
आणि प्रोजेस्टेरॉन चुकीच्या दिवशी काढलंय. २१वा दिवस २८ दिवसांच्या चक्राला लागू. पुढची पाळी यायच्या ७ दिवस आधी बघायचं असतं, म्हणजे तुमचा साधारण ३५वा दिवस. अंदाज येत नसेल तर २८व्या दिवसापासून दर आठवड्याला, पाळी येईपर्यंत. ३ च्या वर गेलं की बीज फुटलं.

रानजाई
मायो-इनॉसिटॉल (इन्शुलिनसाठी घेतात ते सप्लिमेंट) घ्या, २ ग्रॅम सकाळ-संध्याकाळ. फास्टिंग इन्शुलिन करून होमा (इन्शुलिनला शरीर किती दाद देत नाही त्याचा आकडा) काढा: शुगर गुणिले इन्शुलिन, भागिले ४०५. इन्शुलिन चढलं की बीजकोशात टेस्टोस्टेरॉन जास्त बनतं, लिव्हर एसएचबीजी (टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन) कमी बनवतं, आणि फॉलिकल (बीजाच्या पिशव्या) अर्ध्यावर अडकतात. शुगर नॉर्मल असतानाही हे होतं.

तिरफळ
@रानजाई, कारण बरोबर, तपासणी नाही. इन्शुलिनचा आकडा लॅबगणिक बदलतो, २०२३च्या आंतरराष्ट्रीय पीसीओएस (म्हणजे पीसीओडीच) मार्गदर्शिकेत ती रोजच्या वापरासाठी सुचवलेलीच नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी शुगर बघा. १४० ते १९९ म्हणजे प्री-डायबिटीस, उपाशीपोटी ९४ असली तरी. इनॉसिटॉलचा पुरावाही तोकडा आहे.

रानजाई
तोकडा असेल, अपाय तर नाही ना?

आंबेहळद
सोळा तासांचा उपवास करा, पाळी लायनीवर येईल. फक्त उपवासाला साबुदाणा नको, नुसता स्टार्च.

कोथिंबीरवडी
साबुदाण्यात दाण्याचं कूट घसघशीत घातलं आणि सोबत दही घेतलं तर शुगर एवढी चढत नाही. बटाटा मात्र वगळा.

मोगरावेल
पिकलेली पपई गरोदरपणात चालते. टाळायची ती कच्ची, चीक असलेली.

गुलबक्षी
पपईचं कोणी विचारलं? वय ३३, पाच फूट दोन, ६१ किलो. टीएसएच २.१, प्रोलॅक्टिन नॉर्मल. केसांसाठी बायोटिन चालू आहे. यांची तपासणी नाही झाली. सकाळी कॉफी, दुपारी काकडी-ताक, रात्री दोन अंडी.

तिरफळ
पाळी का लांबली ते इथेच दिसतंय. हे जेमतेम ४०० कॅलरी होतंय. खाणं इतकं तुटलं की मेंदूच एलएचचे (बीज फोडणाऱ्या हार्मोनचे) संकेत कमी करतो. @आंबेहळद, हिला आणखी उपवास सांगू नका.
६५चे ६१ म्हणजे ६ टक्के. ५ ते १० टक्क्यांत बऱ्याच जणींचं ओव्ह्युलेशन सुधारतं, तेव्हा आता कापाकापी बास. दोन्ही वेळा एक-दीड ज्वारीची भाकरी, वाटीभर घट्ट उसळ, पालेभाजी, दही. सकाळी अंडी किंवा मुगाचं धिरडं. जेवल्यावर १५ मिनिटं चाला. फॉलिक अ‍ॅसिड चालू नसेल तर रोज ४०० मायक्रोग्रॅम.
बायोटिन तपासणीआधी किमान दोन दिवस बंद. टीएसएच खोटं कमी दिसू शकतं, प्रोजेस्टेरॉन खोटं जास्त. नवऱ्याचा वीर्याचा नमुना २ ते ७ दिवस वीर्यपतन न होऊ देता द्या, दीड वर्षानंतर ते टाळू नका.

गुलबक्षी
ग्लुकोजची टेस्ट उद्याच करू?

तिरफळ
उद्या नको. आधी तीन दिवस भात-भाकरी धरून रोज किमान १५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ द्या, नाहीतर शुगर खोटी चढलेली येईल. मग रात्रभर उपाशी राहून सकाळी करा.