मदत हवी आहे : शेजारणीला मुलासह गुपचूप बाहेर काढायचंय, सुरुवातीला ठेवायचं कुठे?

नवा आयडी मुद्दाम घेतलाय. पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याचं ठिकाण, एवढंच सांगते.

शेजारच्या ताईंना नवरा मारतो, वर्षानुवर्षं. आता निघायचं त्यांनीच ठरवलंय. आम्ही भिशीतल्या चौघी पाठीशी आहोत. पासबुक, डॉक्टरांचे कागद एकेक करून माझ्या कपाटात आलेत. इथल्या पोलिसांत दिरांची ऊठबस, त्यामुळे तक्रार दिली की तासाभरात घरी कळणार. माहेरी गेल्या तर पहिला शोध तिथेच.

कायदा थोडा वाचलाय. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार बाई तात्पुरती राहत असेल तिथल्या कोर्टातही अर्ज करता येतो. म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यात पोचून तिथल्या संरक्षण अधिकाऱ्यांना (या कायद्याखाली नेमलेले सरकारी अधिकारी) गाठायचं. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर काही बालंट येत नाही, हे कलम ४ मध्ये आहे. आमच्यातल्या एकीच्या मिस्टरांना ते वाचून दाखवलं तेव्हा कुठे ते गप्प बसले! विधी सेवा प्राधिकरणाकडून वकीलही फुकट मिळेल.

अडलंय मुलापाशी. तो १३ वर्षांचा, सातवीत. सखी केंद्रात (अत्याचारग्रस्त बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र) ५ दिवसच राहता येतं, आणि एवढ्या मोठ्या मुलग्याला आईबरोबर ठेवून घेणारी जागा सापडत नाहीये. त्याला वसतिगृहात टाका म्हटलं की ताई तिथेच थांबतात. कुणाला स्वानुभवाने अशी जागा माहीत आहे का? नाव-पत्ता इथे लिहू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. हे धागे नवरेही वाचतात.

दुसरं, शाळा. शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी प्रवेश अडवता येत नाही हे शिक्षणहक्क कायद्यात आहे. पण नवी शाळा तो जुनीकडे मागणार आणि जुनी बापाला सांगणार. हे कुणी कसं टाळलंत? आणि बाप मुलाला पळवल्याची तक्रार देईल, त्यावर आधीच काही लिहून ठेवावं का? वकील मंडळींनी सांगावं.

फोनमधलं गूगल खातं नवऱ्यानेच उघडलंय, म्हणून फोन घरीच राहील. बँकेचा ओटीपी मात्र त्याच नंबरवर येतो. नंबर आधी बदलावा की पोचल्यावर? एसटीचं रिझर्वेशन करणार नाही, तिकीट गाडीतच काढू.

१८१ ही महिला हेल्पलाइन माहीत आहे, माझ्या फोनवरून लावणार आहे. 'समजुतीने घ्या, बैठक बसवा' हे कृपया नको. बैठका झाल्यात, त्यानंतरचा मार जास्त होता.

मुलाची परीक्षा संपली की निघायचंय, तेव्हा जरा लवकर कळवा.