दादा साडेआठ वर्षांनी कोल्हापूरच्या कळंबा जेलमधनं सुटून आलाय, आत बीए पण केलं, पण बाहेर काम मिळेना. काय करावं? (सांगली)

द्राक्षबाग:
नमस्कार. असलं काही पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर समजून घ्या. माहेर तासगाव तालुक्यात, लग्नानंतर मी विश्रामबागला. माझा मोठा भाऊ 2015 ला बांधावरच्या भांडणात आत गेला. कोयता त्याच्याच हातात होता, समोरचा माणूस वाचला पण त्याचा उजवा हात कायमचा अधू झाला. 307 (खुनाचा प्रयत्न) लागलं, दहा वर्षांची शिक्षा झाली. तो निर्दोष होता असं मी म्हणणार नाही, आमच्या घरात कुणीच म्हणत नाही, तो स्वतः तर नाहीच नाही. आधी सांगलीच्या जेलमधे कच्चा कैदी, निकालानंतर कळंब्याला. माफी धरून यंदा 2024 च्या सुरुवातीला सुटला.

आत जाताना दादा बारावी नापास. तिथं त्यानं मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी केली, मग बीए. शिवण विभागात काम करत होता आणि तिथला कापडाचा, दोऱ्याचा हिशोबही तोच लिहायचा, शिवाय बरॅकीतल्या निम्म्या लोकांचे अर्ज यानंच लिहिलेले, पॅरोलचा, फर्लोचा (दोन्ही म्हणजे शिक्षेतनं मिळणारी सुट्टी), घरच्या पत्रांपासून सगळं. अक्षर बघाल तर छापल्यासारखं. आम्हाला वाटलेलं एवढं शिकलाय म्हटल्यावर काहीतरी मार्ग निघेल.

सात महिने झाले. चार ठिकाणी गेला. दोन ठिकाणी खरं सांगितलं तर "कळवतो" म्हणाले आणि फोनच नाही. एका ठिकाणी सांगितलं नाही, तर अकरा दिवसांनी कुणीतरी मालकाच्या कानावर घातलं आणि सगळ्यांसमोर हाकललं. चौथ्या ठिकाणी फॉर्ममधे "2015 ते 2024 काय करत होता" हा रकाना आला आणि हा फॉर्म तिथंच टेबलावर ठेवून उठून आला. त्यात गणपती जवळ आले की, इलेक्शन आलं की पोलीस ठाण्यातनं बोलावणं येतं. मे मधे लोकसभेच्या आधी आलं, आता परत आलंय. दिवसभर बाकड्यावर बसवतात. अशा माणसाला रोजंदारीवर तरी कोण ठेवणार, सांगा.

तो बोलत नाही फारसं. संध्याकाळी साडेपाचलाच ताट मागतो, कारण आत बरॅकी बंद व्हायच्या आधी जेवण व्हायचं, ती सवय सुटेना, आणि जेवला की ताट स्वतः घासून पालथं घालून ठेवतो. परवा त्याच्या जुन्या पँटच्या खिशात पाचशेची जुनी नोट निघाली, 2016 ला बंद झालेली, कितीतरी वेळ हातात धरून बसला होता. दुकानात लोक मोबाईल दाखवून पैसे देतात ते सुरुवातीला त्याला कळायचंच नाही, हा आत गेला तेव्हा यूपीआय नव्हतंच.

मला एवढंच विचारायचंय की खरं सांगायचं का लपवायचं, आणि त्या बीएचा काही उपयोग आहे का? त्याच्या मनात आता असं यायला लागलंय की आतच बरं होतं. काल आईसमोर बोलला. म्हणून लिहितेय.

मिरजेची_वकील:
ताई, आधी कायद्याचं सांगते, मग बाकीचं. लपवू नका. 2016 ला सुप्रीम कोर्टानं अवतार सिंग केसमधे सांगितलंय की फॉर्ममधे विचारलेली माहिती खरीच द्यायची, खोटी दिली तर नोकरी जाऊ शकते, आणि खरी दिली तरी घ्यायचंच असं मालकावर बंधन नाही. तो निकाल सरकारी नोकऱ्यांच्या बाबतीतला, पण धडा खाजगीलाही तोच, लपवलेलं अकरा दिवसांत कसं बाहेर येतं ते तुम्ही बघितलंच. मात्र न विचारता सगळी हकीकत पहिल्याच वाक्यात सांगायची पण गरज नाही. "शिक्षा भोगून आलोय, आत अमुक काम केलं, हा सुटकेचा दाखला, ही मार्कशीट." बास. भांडणाचा तपशील विचारला तरच सांगायचा.

सरकारी नोकरीचा नाद सोडा, अशा शिक्षेनंतर तो दरवाजा बंदच समजा. पण लोक समजतात तेवढं सगळं काही बंद होत नाही. मतदान करता येतं, बंदी आहे ती आत असेपर्यंत. मे मधे केलं नसेल तर यादीत नाव आहे का बघा. पासपोर्टला शिक्षा लागल्यापासून पाच वर्षं अडचण असते, ती तुमची होऊन गेली असतील. निवडणूक मात्र सुटल्यापासून सहा वर्षं लढवता येत नाही.

पोलिसांच्या बोलावण्याचं. शांतता राखायची हमी घ्यायचं कलम ते, पूर्वीचं 107, नवीन कायदा जुलै 2024 ला लागू झाल्यापासून 126. लेखी नोटीस मागा. तोंडी बोलावलं तरी दादांनी जावं, पण सोबत घरचं कुणीतरी आणि शक्यतो वकील असावा. कामाला लागले की मालकाचं पत्र जोडून अर्ज द्या, माझ्या दोन अशिलांचा त्रास त्यानंतर बराच कमी झाला. बंद झाला असं म्हणत नाही.

अजून एक, ही तुमच्या दादांच्या उपयोगाची गोष्ट नाही पण कुणीतरी वाचेल म्हणून लिहिते. पहिलाच, किरकोळ गुन्हा असेल तर 1958 च्या परिविक्षा कायद्याखाली (शिक्षेऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर) सोडायची विनंती कोर्टाला करा. त्यात सुटलेल्या माणसाला दोषी ठरल्यामुळं येणारी अपात्रता लागत नाही, कलम 12. घरचे लोक "दंड भरून मिटवा" म्हणतात आणि पोराच्या कपाळावर कायमचा शिक्का बसतो.

गुरुजी_निवृत्त:
बाळ, मी काही वर्षं जेलमधे शिकवायला जात होतो, म्हणून लिहितो. आत मला सगळे गुरुजीच म्हणायचे, वयानं मोठे असलेले पण. पन्नाशीतला एक माणूस होता, जन्मभर अंगठा, पाटीवर स्वतःचं नाव लिहायला त्याला बावीस दिवस लागले आणि ज्या दिवशी जमलं त्या दिवशी त्यानं पाटी पुसूच दिली नाही, उशाला घेऊन झोपला. मुलाखतीला बायको आली तेव्हा रजिस्टरवर सही करून दाखवली तिला. शिक्षणाचा उपयोग काय असं कुणी विचारलं की मला तो माणूस आठवतो.

पण शिकवणं आत फार अवघड असतं हे बाहेरच्यांना माहीत नसतं. 2022 च्या एनसीआरबीच्या (केंद्राचा गुन्ह्यांची नोंद ठेवणारा विभाग) आकड्यांत देशातल्या चार कैद्यांतले तीन कच्चे होते, म्हणजे खटला चालू असलेले. त्यांना शाळा कशी लावणार? आज आहे, उद्या तारीख, परवा जामीन, तेरवा दुसऱ्या जेलला बदली, पुस्तकं तिथंच राहतात. पक्क्या कैद्याला निदान वर्षं माहीत असतात, म्हणून तोच डिग्रीपर्यंत पोचतो. इग्नू आहे, आपलं नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे, परीक्षा आतच होते, पास झालं की शिक्षेत माफीपण मिळते. काही जण त्या माफीसाठीच बसतात आणि बसू देत की, पुस्तक उघडायला कारण काहीही चालतं.

आता कडू सांगतो. माझ्या वर्गातनं गेलेले काही परत आले. ते ढ नव्हते. एक तर वर्गात सगळ्यात हुशार. त्याला घरच्यांनी दारात घेतलं नव्हतं, एसटी स्टँडवर चार रात्री काढल्या, पाचव्या रात्री जुनी मंडळी भेटली, त्यांनी जेवायला घातलं आणि खोली दिली. पहिले काही महिने छप्पर, काम आणि एक तरी विश्वासाचा माणूस मिळाला तर पुस्तक उपयोगी पडतं, नाहीतर ते ट्रंकेतच राहतं. तुझ्या दादाला आई आहे, तू आहेस. "आतच बरं होतं" हे वाक्य मी बऱ्याच जणांकडनं ऐकलंय, त्याला घाबरू नकोस, पण हलकंही घेऊ नकोस. त्याला एकटं घरात बसू देऊ नकोस.

आणि हो, जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्याला भेट, महिला व बालविकास खात्याकडं असतं ते काम, सुटलेल्या बंद्यांसाठीच आहे. मुंबईला टिसचा (टाटा समाजविज्ञान संस्था) प्रयास प्रकल्प 1990 पासून याच कामात आहे, तिथं फोन करून सल्ला तरी घे.

अनिकेत_कराड:
मी सध्या शिकायला अमेरिकेत आहे, इथं या विषयावर बराच अभ्यास झालाय. रँड या इथल्या संशोधन संस्थेनं 2013 ला आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून बघितलं, तर तुरुंगात शिकलेल्यांची परत गुन्ह्याकडं वळण्याची शक्यता न शिकलेल्यांपेक्षा 43 टक्क्यांनी कमी निघाली. पण नोकरी लागण्याची शक्यता फक्त 13 टक्क्यांनी जास्त. हा फरक बघा! म्हणजे शिक्षणानं माणूस सावरतो पण मालकाचा दरवाजा तेवढा उघडत नाही, ताईंचं दुखणं तेच आहे. इथं 1994 ला कैद्यांची कॉलेजची सरकारी मदत बंद केलेली, ती पुरती सुरू व्हायला 2023 उजाडलं. आणि बऱ्याच राज्यांत आता अर्जावरच "शिक्षा झालीय का" असं विचारता येत नाही, आधी माणूस बघायचा, मग विचारायचं. आपल्याकडं असा नियम हवा असं मला फार वाटतं.

गुरुजी_निवृत्त:
अनिकेत, आकडा चांगला आहे, पण जो स्वतःहून पुस्तक हातात घेतो तो आधीच थोडा वळलेला असतो हे पण धर. तरी तुझा 13 चा मुद्दा पटला.

वाळवा_1982:
सगळे त्या दादाबद्दलच बोलताय म्हणून लिहितोय, राग मानू नका. माझ्या वडिलांचा पाय असाच भावकीच्या भांडणात गेला. मारणारा सुटून आला तेव्हा गावात गुलाल उधळला. माझ्या वडिलांनी तो आवाज घरात कॉटवर पडून ऐकला. आम्हाला कुणी विचारलं नाही की तुमचं कसं चाललंय, शेत कोण करतंय. मी कॉलेज सोडलं तेव्हा. ताई, तुमचा भाऊ शिकला, चांगलं झालं, मनापासून. पण ज्याचा हात गेला त्याचं पोर शिकलं का, हे कुणी बघितलं का?

द्राक्षबाग:
वाळव्याचे दादा, राग कसा येईल, तुमचं बरोबर आहे. आमच्याकडं गुलाल नाही झाला, रात्री आठला गाडीतनं उतरून मागच्या दारानं आत आला तो. ज्यांचा हात गेला त्यांच्याकडं जायचं त्याच्या मनात पहिल्या आठवड्यापासून आहे, आईनं अडवलंय, परत काहीतरी होईल म्हणून. त्यांचा मुलगा बारावीला आहे एवढं कळलंय. दादा ते ऐकून उठून बाहेर गेला होता. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

मिरजेची_वकील:
थेट घरी पाठवू नका ताई, दबाव टाकायला आला असा अर्थ निघू शकतो. दोघांच्या ओळखीचं गावातलं वयस्कर माणूस मधे घ्या आणि त्यांची इच्छा असेल तरच. वाळवाभाऊ, पीडितांसाठी भरपाईची योजना आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा, जुनी केस असली तरी एकदा कागद दाखवून बघा. फी लागत नाही.

आटपाडकर:
आमच्या आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे, सांगली जिल्ह्यातल्याच कितीतरी लोकांना माहीत नाही. औंध संस्थानानं 1939 ला पंतप्रतिनिधींच्या काळात खुली वसाहत काढली, मॉरिस फ्रीडमन म्हणून पोलंडचे एक इंजिनिअर होते, त्यांची कल्पना. तट नाही, बेड्या नाहीत, शिक्षेतली माणसं बायकापोरांसोबत राहून शेती करायची. आमच्याच माडगूळच्या गदिमांनी त्यावरनं गोष्ट लिहिली आणि शांतारामांनी 1957 ला 'दो आँखें बारह हाथ' हा सिनेमा केला. आमचे आजोबा सांगायचे, बाजाराच्या दिवशी तिथली माणसं भाजी घेऊन यायची आणि गाव घ्यायचं. कैद्याची भाजी म्हणून कुणी मागं सरलं नाही. आटपाडीसारख्या दुष्काळी मुलखात त्या काळी हे जमलं, मग आज आठ तास कामाला एक माणूस ठेवायला एवढं काय अवघड आहे?

लेथ_कुपवाड:
कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं मशिन शॉप आहे, चौदा माणसं. आतापर्यंत सुटून आलेले दोघं ठेवले. पहिला आत वेल्डिंग शिकलेला, चार वर्षं झाली, अजून आहे, त्याच्या पोरीच्या बारशाला आम्ही सगळे जाऊन आलो. दुसरा महिन्यात उचल घेऊन गेला तो गेलाच. दोन्ही सांगतोय, कारण एकच बाजू सांगितली तर खोटं होईल. पण उचल घेऊन पळालेले मी जेलच न बघितलेले पण चार बघितलेत.

जमलं ते कशामुळं जमलं ते सांगतो. मी फक्त सुपरवायझरला सांगितलं, सगळ्या शॉपला नाही. पहिले तीन महिने पगार आठवड्याला दिला, कारण महिनाभर थांबायला हातात पैसा नसतो आणि तिथंच माणूस उधारीत अडकतो. आधार जुना होता, मोबाईल नंबर बंद पडलेला, बँक खातं झोपलेलं, ते सगळं करायला दोन दिवस भरपगारी सुट्टी दिली. आणि पोलीस ठाण्यातनं बोलावलं तेव्हा मी स्वतः त्याच्यासोबत जाऊन बसलो, मालक येऊन बसतोय म्हटल्यावर तिथल्या साहेबांचं बोलणं बदललं.

ताई, तुमच्या पोस्टमधलं बीए मी वाचलं, पण मला त्या शिवण विभागातल्या हिशोबाचं जास्त वाटलं. माझ्या स्टोअरला माणूस नाही दोन महिने. माल किती आला, किती गेला, कुठल्या मशिनला कुठलं टूल दिलं, रोज लिहायचं आणि संध्याकाळी रॅकवरचा माल मोजून वहीशी जुळवायचं. कंप्युटरवर पण चढवायचं असतं, ते माझी पुतणी शिकवेल. सुरुवातीला पगार फार नाही, समोरासमोर बोलू. भावाला घेऊन या, तुम्ही पण या. फोन मेसेजमधे पाठवतो.

द्राक्षबाग:
काका, मी हे त्याला वाचून दाखवलं. सगळं, वाळव्याच्या दादांचं पण. वाळव्याचं त्यानं दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, वही कुठली लागते, आडवी का उभी.

सोमवारी दहाला येतो आम्ही. फाइल त्यानं स्वतःच लावलीय, सुटकेचा दाखला सगळ्यात वर, मार्कशीट त्याच्या खाली. रकान्यासाठी काय लिहायचं ते पण लिहून ठेवलंय, "2015 ते 2024: कारागृहात शिक्षा भोगली, तिथं शिवण विभागात हिशोब लिहिला."

लेथ_कुपवाड:
आडवी. दहाला चहाची सुट्टी असते, साडेनऊला या.