कॅन्सर रजिस्ट्रीचा डेटा चांगला की नुसता देखणा?

डिचोलीकर: एमएस्सीच्या प्रकल्पासाठी गोव्याची सरावाची एक कॅन्सर रजिस्ट्री, म्हणजे राज्यातल्या कॅन्सर रुग्णांची नोंदवही, मिळाली आहे, माणसं काल्पनिक. जवळजवळ प्रत्येक निदान बायोप्सीने पक्कं केलेलं. निव्वळ मृत्युदाखल्यावरून नोंदलेला रुग्ण एकही नाही. 'दर्जा उत्तम' असं लिहून टाकू का?

फोंड्याचा रेकॉर्डवाला: नको. बायोप्सीचा टक्का शंभराला टेकला की मला आधी वाटतं, नोंदी गोळा करणारे लॅबच्या बाहेर पडलेच नाहीत. फुप्फुसाचा म्हातारा रुग्ण, सीटी बघूनच घरी पाठवलेला, त्याचा तुकडा कोण काढणार? तो तुमच्या यादीत आलाच नसेल. मृत्युदाखल्यांचा शून्यही तसाच. एकतर प्रत्येक दाखल्यामागे जाऊन रुग्णालयातला केस पेपर शोधून काढलाय, नाहीतर पंचायत-पालिकेची मृत्यूनोंद कुणी उघडलीच नाही. माझी पैज दुसऱ्या शक्यतेवर.

पण खरी डोकेदुखी दुहेरी नोंदी. मी आयुष्यभर फायली लावल्या, म्हणून सांगतो. एकाच माणसाचं आडनाव जुन्या कागदावर पोर्तुगीज वळणाचं 'नाईके', आधार कार्डावर 'नाईक'. घरात कामत, कागदावर 'कामोतीं'. तो बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात दाखवतो, मग मुंबईला टाटात, पुढचे केमो बेळगावला. नुसतं नाव जुळवाल तर एकाचे तीन रुग्ण होतील. वय, गाव, वडिलांचं नाव, गाठीची जागा, सगळं एकत्र ताडून बघा.

उलट बाजूही आहे. सावंतवाडी, दोडामार्ग, कारवारचे लोक बांबोळीला येतात आणि पत्ता गोव्यातल्या भावाचा देतात. रजिस्ट्रीत धरायचा तो नेहमीचा रहिवासी. पंधरा लाखांच्या आसपास वस्तीच्या राज्यात असे थोडे पाहुणे घुसले तरी कॅन्सरचा दर फुगतो.

डिचोलीकर: बापरे. काका, स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये मृत्यू नवीन रुग्णांच्या निम्मेच दिसतात. हे कसं?

फोंड्याचा रेकॉर्डवाला: बघ, सापडलं! त्या आजारात हे गुणोत्तर एकाच्या जवळ असायला हवं, वाचतात फार थोडे. मृत्यू निसटलेत. दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद' एवढंच लिहिलं की कॅन्सर गायब.

पेडण्याची: कॅन्सरची मूळ जागा अज्ञात, म्हणजे रोगांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला सी८० हा कोड, असे किती तेही मोज. आणि 'लिव्हर' लिहिलेल्यांचे पॅथॉलॉजी रिपोर्ट वाच. त्यात आतड्यातून पसरलेले निघतात. पुरुषाच्या नावावर गर्भाशय मात्र संगणकच पकडेल, त्यात वेळ घालवू नकोस.