मे महिन्यात आईबाबांना घेऊन आंदालुसिया: हॉटेल, शाकाहार आणि गुडघे

नमस्कार मंडळी,

आईबाबा पुण्याहून एप्रिलअखेर इथे लंडनला येतायत. पॅरिस-स्वित्झर्लंड त्यांचं टूरबरोबर करून झालंय, म्हणून या खेपेला दक्षिण स्पेन डोक्यात आहे. ग्रानादा, कोर्दोबा, सेविया. बाबांचे गुडघे कुरकुरतात, आई अंडंसुद्धा खात नाही. हॉटेल जुन्या गावात घ्यावं की बाहेर? आणि जेवणाचं काय? कोणी ज्येष्ठांना घेऊन गेलं असेल तर जरूर लिहा.

अनघा

---

अनघा,

आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो. सत्तरी ओलांडलेली, उपासतापास सगळे कडक. तेव्हा तुझे प्रश्न ओळखीचे आहेत.

आईबाबा इथे व्हिजिटर व्हिसावर येणार असतील तर शेंगेन व्हिसा भारतातूनच काढून यायला सांग. इथून तो मिळवणं फार कटकटीचं.

मग अलहंब्राचं, म्हणजे ग्रानादाच्या टेकडीवरच्या किल्ला-महालाचं तिकीट. विमान, हॉटेल सगळं त्याच्यानंतर. आतल्या नासरी (इथल्या मुस्लिम राजघराण्याच्या) महालांसाठी ठरावीक वेळ मिळते आणि ती चुकली की गयावया करून उपयोग नाही. मे महिन्यातली तिकिटं फार आधी संपतात, म्हणून ज्या दिवसाचं मिळेल त्याच्याभोवती सहल बेत. गावातून सी-30 ही लहान बस वर टेकडीवर जाते. तिकीट आधीच काढलेलं असेल तर थेट वरच्या तिकीटघरापर्यंत जाऊ नका, अलीकडे उतरून न्यायदरवाजातून शिरा. थोडा चढ आहे, पण नासरी महाल तिथून जवळ पडतात. उलट बाजूने आलात तर बाबांचे गुडघे महालापर्यंत पोचायच्या आतच संपतील.

महालातल्या सिंहांच्या चौकात सगळे फोटोसाठी कारंज्याच्या 12 दगडी सिंहांकडे धावतात. सासूबाई मात्र पाण्यातच अडकल्या. एवढ्या उंचावर पाणी येतं कुठून, हा त्यांचा पहिला प्रश्न. दार्रो नदीचं पाणी कित्येक किलोमीटर वर अडवून, कालव्याने डोंगराच्या कडेकडेने आणलंय, तेही तेराव्या शतकात. कारंज्याच्या कुंडावर इब्न झमरक या दरबारी कवीची कविता कोरलेली आहे. भिंतींवर जिथे तिथे एकच वाक्य दिसतं: ईश्वराशिवाय कोणीही विजयी नाही. आणि 2 जानेवारी 1492 ला त्याच नासरी घराण्यातल्या शेवटच्या सुलतानाने फर्नांदो-इसाबेल या ख्रिस्ती राजाराणीला किल्ला देऊन टाकला. गाइडने हे सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मग वाक्य खोटं कुठे ठरलं?" गाइडकडे उत्तर नव्हतं.

हॉटेल गावातच घे, पण आल्बायसिनमध्ये नको. ती टेकडी सुंदर आहे, पण सगळीकडे गोटे बसवलेले चढ. कॅथेड्रलच्या आसपास सपाटी आहे. जुन्या घरांची केलेली हॉटेलं आपल्या वाड्यांसारखी असतात, मधे चौक आणि भोवती खोल्या. आईबाबांना घरी आल्यासारखं वाटेल. फक्त 'लिफ्ट आहे' एवढ्यावर विश्वास ठेवू नकोस. आमच्या हॉटेलात लिफ्ट होती, पण ती पहिल्या मजल्यापासून सुरू व्हायची! रस्त्यापासून खोलीच्या दारापर्यंत एकूण पायऱ्या किती, असा थेट प्रश्न मेलवर विचार. आणि टॅक्सी दारापर्यंत येते का, तेही.

आता जेवण. तिथे 'कार्ने (मांस) नको' म्हटलं तरी सॅलडवर ट्यूना मासा येतो आणि भाजीत हामोनचे (खारवलेल्या डुकराच्या मांसाचे) तुकडे. कार्ने, हामोन, पेस्कादो (मासा), उएवो (अंडं) या चारांची नावं कागदावर लिहून प्रत्येकाआधी 'सिन' (शिवाय) लावून ने आणि वेटरच्या हातातच दे. सालमोरेहो हे टोमॅटो-पावाचं दाट गार सूप फार छान, पण वर उकडलेलं अंडं आणि हामोन भुरभुरवतात, ते आधीच बंद करायला सांग. सेवियात पालक आणि काबुली चणे मिळतात, जिरं-लसूण घातलेले. सासूबाईंनी 'उसळ बरी जमलीय' असं प्रमाणपत्र दिलं. आणि बेरेनहेनास कोन मिएल! वांग्याचे कुरकुरीत काप आणि वरून चक्क काकवी. मालागाकडच्या किनाऱ्यावर पूर्वी ऊस भरपूर व्हायचा, तिथल्या फ्रिहिलियाना गावात काकवीचा कारखाना अजून चालू आहे. मऊशार पोल्व्होरोन बिस्किटं दिसली तर मात्र आईला देऊ नकोस, त्यात डुकराची चरबी असते.

रात्री साडेआठशिवाय स्वयंपाकघरं उघडत नाहीत. दुपारी दोनला पोटभर जेवायचं आणि रात्री खोलीवर हलकं काहीतरी, असं आम्ही केलं. भाजणी, पोहे न्यायला हरकत नाही. तूप, पेढे, चक्का नेऊ नका, ब्रिटनमधून युरोपियन युनियनमध्ये दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे.

मीनल

---

मीनलचं सगळं मान्य. एकच भर घालतो.

कोर्दोबाला लोक सेवियाहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतात. तसं करू नका, तिथे रात्र काढा. तिथली मोठी मशीद, मेस्कीता, 785 च्या सुमारास सुरू झाली आणि पुढे दोन शतकं वाढत गेली. 850 हून जास्त खांब, त्यातले बरेच रोमन आणि (त्यांच्यानंतर राज्य केलेल्या) व्हिसिगॉथ लोकांच्या इमारतींचे उचलून आणलेले. म्हणून उंची जमेना, मग कमानीवर कमान चढवली. ती लाल-पांढरी दुहेरी रांग त्या अडचणीतून निघाली आहे. आणि मधोमध सोळाव्या शतकातलं कॅथेड्रल. मला ते खुपतं, आमच्या सौ.ला आवडलं, वाद अजून मिटलेला नाही. आम्ही गेलो तेव्हा सकाळी साडेआठ ते साडेनऊ फुकट प्रवेश होता आणि ग्रुप नव्हते. गावात राहिलात तरच ही वेळ साधते. गाव सपाट आहे, अनघा, हेही महत्त्वाचं.

पण मेच्या पूर्वार्धात तिथे पातियोंचा उत्सव असतो, घरांचे फुलांनी भरलेले चौक लोकांना खुले करतात. बघण्यासारखं आहे, मात्र हॉटेलांचे दर तेव्हा अंगावर येतात. तारखा बघून ठरव.

सेवियात ला हिराल्दाला घाबरू नका. मिनार उंच आहे, पण आत जिन्याऐवजी उतरण आहे. मुअज्जिनला (अजान देणाऱ्याला) घोड्यावरून वर जाता यावं म्हणून तशी बांधली असं सांगतात. पायऱ्या फक्त शेवटच्या टोकाला. बाबांना सांगा, दम लागेल, गुडघा दुखणार नाही.

शिरीषकाका

---

मीनल, काका, मनापासून आभार! मग ग्रानादा, कोर्दोबा, सेविया असाच क्रम ठेवते, उत्सव संपल्यावर. अलहंब्राच्या तिकिटाला नावं लागतात म्हणे. बाबांच्या पासपोर्टवर वडिलांचं नावही मधे आहे, पूर्ण घालू की फक्त नाव-आडनाव?

अनघा

---

पासपोर्टवर जसं छापलंय तसं पूर्ण घाल, आणि नंबर दोनदा तपास. दारावर मूळ पासपोर्ट मागतात. बाबांना तो हॉटेलच्या तिजोरीत ठेवू देऊ नकोस.

मीनल