शेती बारा टक्के, मग आमचा गल्ला कशावर चालतो?

नवीपेठकर:
परवा साखरपुड्याला गेलतो, तिथं आयटीतला मेव्हणा म्हणतो राज्याच्या उत्पन्नात शेतीचा वाटा जेमतेम बारा-तेरा टक्के, मग रोज उठून शेतकरी शेतकरी कशाला. आकडा बरोबर असंल ओ, पण माझं सोलापुरात कापडाचं दुकान आहे आणि निम्मं गिऱ्हाईक मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडचं. उसाचं बिल खात्यावर पडलं की त्याच आठवड्यात लग्नाचा बस्ता, आणि बिल लटकलं की तोच माणूस म्हणतो शेठ पुढच्या महिन्यात देतो, लिहून ठेवा. ऊस घातल्यावर १४ दिवसात एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायची असा कायदा आहे, पण कुठल्या कारखान्यानं किती दिवस लटकवलंय ते माझ्या उधारीच्या वहीत बघा. आता मी विकलेली साडी सरकारी हिशोबात व्यापारात, साखर उद्योगात, ऊस ओढणारा ट्रॅक्टर वाहतुकीत. मग शेतीच्या नावावर बाराच टक्के राहणार की. काय म्हणणं आहे लोकांचं?

उजनी_मायनस:
दादा त्याच आकड्याची दुसरी बाजू बघा. २०११ च्या जनगणनेत राज्यातले निम्म्याहून जास्त काम करणारे लोक शेतीवर होते. निम्मी माणसं आणि वाट्याला बारा टक्के, ह्याला महत्त्व म्हणायचं का गरिबी? आणि ऊस तर बोलूच नका. साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा आपला जिल्हा आणि कारखाने तीसच्या वर. उजनी धरण भरलं तर ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी, त्यातलं ६३ च्या आसपास मृतसाठा, म्हणजे एरवी न वापरायचं तळाचं पाणी, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात धरण वजा पन्नास टक्क्याच्या खाली गेलतं, म्हणजे त्या मृतसाठ्यालाच हात घातला. आमच्या गल्लीत नळ चार-पाच दिवसाआड, आई रात्री दोनला उठून बॅरल भरते आणि तिकडं उसात मोटरी चालू. तुमचा बस्ता आमच्या पाण्यावर चाललाय.

मालदांडीवाली:
ऊस म्हणजेच शेती का ओ? आमची मंगळवेढ्याची ज्वारी बघा, २०१६ ला जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचं भौगोलिक मानांकन, मिळालं. काळं रान, पावसाळा सरताना पेरायची आणि जमिनीतल्या ओलीवर येते, उजनीचा थेंब लागत नाही. मालदांडी हे वाण मोहोळलाच निवडलेलं. दाणा माणसाला, कडबा जनावराला, आणि त्याच पिठाच्या कडक भाकरी थापून किती बायकांचं घर चालतंय ते मोजलंय का कुणी? तरी लोक ऊस का लावतात ते मी सांगते. ज्वारी हातानं उपटायला लागते, मजूर मिळत नाही, मिळाला तर सांगंल ती मजुरी, आणि हमीभाव कागदावर. उसाला टोळी येऊन तोडून नेते, पैसे उशिरा का होईना ठरलेले मिळतात. शेतकऱ्याला हौस नाही पाणी उपसायची, ज्यात जोखीम कमी ते तो लावतो. उद्या ज्वारीची तशी सोय करा, माझे वडील पहिल्यांदा ऊस मोडतील.

पुण्यात_अडकलेला:
मी त्या मेव्हण्याच्या बाजूनं. सांगोल्याकडं आमची डाळिंबाची बाग होती. आधी तेल्या रोग, त्यातनं वाचवली तर खोडकिड्यानं झाडंच्या झाडं वाळवली, शेवटी जेसीबी लावून काढली. मग भावानं कांदा केला, तेवढ्यात डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी. आडत्याकडनं विक्रीची पट्टी हातात आली तर हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाऊन गाडीवाल्याला चहा पाजण्याइतकं उरलं. आता मी दर महिन्याला पगारातनं घरी पैसे पाठवतो, त्यातच खत, औषध, डिझेल. लोक म्हणतात शेती गावाला जगवते. आमच्याकडं माझा पगार शेतीला जगवतोय, आणि अशी घरं गावात मोजायला गेलो तर हाताची बोटं पुरणार नाहीत.

नवीपेठकर:
पुणेकर, तुझं खोटं नाही. पण तो पगार भाऊ सोलापुरात येऊनच खर्च करतो की, औषधाच्या दुकानात, मोटर रिवायंडिंगवाल्याकडं. आणि शेतीतनं माणसं काढा म्हणणाऱ्यांनी सांगावं, न्यायची कुठं? आपल्याकडं १८७७ ला जुनी मिल ही कापडाची गिरणी निघाली, गिरण्यांचं शहर म्हणून मिरवलो, त्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि पोरं पुण्याला गेली. विमानाच्या वाटेत येते म्हणून २०२३ ला सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली त्यावर अजून भांडणं चालू आहेत. कारखाना का विमान, असंच का निवडावं लागतं आपल्याला कळत नाही.

उजनी_मायनस:
ज्वारीवर ताईंचं पटलं, त्यात वाद नाही. उसाला ठिबक सक्तीचं करा आणि शहराचं पाणी आधी बाजूला काढा, मग तुमच्या बारा टक्क्याला मी स्वतः हार घालतो.

मालदांडीवाली:
ठिबकचं अनुदान वेळेवर येतंय का तेवढं आधी विचारा, आमचं प्रकरण दोन वर्षं झाली फिरतंय. आणि शेठ, ती वही एकदा दाखवाच.

नवीपेठकर:
दाखवतो, पण आज नाही. वैरागचं गिऱ्हाईक निघालंय बस्त्याला. सोयाबीन विकलं म्हणे, रोख घेऊन येतोय.

उजनी_मायनस:
बघा, ऊस असता तर वहीत एक पान वाढलं असतं.